चार दिवसांची लढाई, दोन पंचांगे आणि दोन विजय

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जून १६६६ मध्ये इंग्रज आणि डच आरमारांत झालेल्या ‘चार दिवसांच्या लढाई’वर आपण लिहीत आहात. इंग्रजी साधने ही लढाई १ ते ४ जूनला झाल्याचे सांगतात, तर डच साधने ११ ते १४ जूनला. जहाजांचे आकडे जुळत नाहीत, बुडालेल्या आणि पकडलेल्या जहाजांच्या याद्या जुळत नाहीत, आणि दोन्ही बाजू विजय आपलाच म्हणतात. अशा वेळी कोणते साधन प्रमाण धरावे, की दोन्हींच्या मधला आकडा घ्यावा, असे आपण विचारले आहे.

मधला आकडा घेऊ नका, हे आधीच सांगतो. एका साक्षीदाराने पन्नास आणि दुसऱ्याने नव्वद सांगितले म्हणून सत्तर खरे ठरत नाहीत. उलट कोणत्याही साक्षीदाराने न सांगितलेला तिसराच आकडा आपण जन्माला घालतो. ‘इंग्रजी साधन विश्वसनीय’ किंवा ‘डच साधन विश्वसनीय’ अशी घाऊक निवडही करू नका. मी ही कागदपत्रे वीसेक वर्षे वाचतो आहे. त्या अनुभवावरून एवढे म्हणतो की विश्वसनीयता साधनाला नसते, विधानाला असते. एकाच पत्रातले वाऱ्याविषयीचे वाक्य सोन्यासारखे आणि शत्रूच्या नुकसानीविषयीचे वाक्य कवडीमोल असू शकते. म्हणून प्रत्येक विधान सुटे करून लिहिणाऱ्याने ते स्वतः पाहिले की ऐकले, तेव्हा तो कोठे होता, किती दिवसांनी लिहितो आहे आणि कोणाला सांगतो आहे, हे तपासावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण बहुतेक विरोध तेवढ्यानेच विरघळतात. जे विरघळत नाहीत, ते खरे विरोध असतात आणि अभ्यासाची गोडी तेथेच असते.

तारखांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, तरी चुका त्यातच सर्वाधिक होतात. इंग्लंड तेव्हा जुनी, म्हणजे जूलियन पद्धत पाळत होते. हॉलंड आणि झीलंड हे प्रांत मात्र १५८३ च्या सुमारासच नव्या, म्हणजे ग्रेगोरियन पद्धतीवर गेले होते. सतराव्या शतकात या दोन पद्धतींत दहा दिवसांचे अंतर होते, म्हणून इंग्रजांचा १ जून हाच हॉलंडचा ११ जून. आकाश याला साक्ष आहे. त्याच महिन्यात झालेल्या सूर्यग्रहणाचे निरीक्षण लंडनच्या अभ्यासकांनी २२ जूनला नोंदवले आणि पॅरिसमध्ये तेच ग्रहण २ जुलैला नोंदले गेले. मराठी वाचकाला हा घोळ नवा नाही. शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले ती तारीख इंग्रज वखारीच्या कागदांत ६ जानेवारी १६६४ आणि डचांच्या हिशेबाने १६ जानेवारी अशी येते, ती याच कारणाने.

मात्र ‘डच म्हणजे नवी पद्धत’ हे सूत्र डोळे मिटून लावू नका. डच संघराज्याचे सात प्रांत होते आणि त्यांपैकी फ्रीसलंडसारखे प्रांत अठरावे शतक उजाडेपर्यंत जुन्याच पद्धतीवर होते. या लढाईत फ्रीसलंडचे पथक टियर्क हिडेस द व्रीस याच्या हाताखाली लढले. त्या प्रांतात लिहिलेल्या किंवा तेथे नक्कल झालेल्या कागदावर जुनी तारीख असण्याची शक्यता नेहमी गृहीत धरावी लागते. सुरुवातीच्या काळात मी एका नकलेवरची तारीख डच समजून दहा दिवस मागे नेली. ती आधीच जुन्या पद्धतीची होती. त्यामुळे लढाई सुरू होण्याच्या नऊ दिवस आधी तिचा वृत्तान्त लिहिला गेल्याचे माझ्या टिपणात दिसू लागले आणि मी तो कागद बनावट ठरवण्याच्या बेतात होतो. माझ्या मार्गदर्शकांनी फक्त एवढेच विचारले, “वार कोणता दिला आहे?” तेव्हापासून मी तारखेच्या आधी वार पाहतो, कारण पंचांग कोणतेही असले तरी वार बदलत नाही. लढाई शुक्रवारी सुरू झाली आणि सोमवारी संपली. त्या वर्षी योगायोगाने ईस्टर दोन्ही पद्धतींत एकाच दिवशी आला होता, इंग्लंडमध्ये १५ एप्रिल आणि हॉलंडमध्ये २५ एप्रिल. म्हणून ईस्टरनंतरचा सातवा रविवार, म्हणजे पेंटेकॉस्टचा सण, हाही दोन्हीकडे एकच होता, आणि तोच लढाईचा तिसरा दिवस. ‘पेंटेकॉस्टच्या रविवारी’ असे ज्या पत्रात आहे, त्याची तारीख बदलायची गरजच उरत नाही.

ज्या गोष्टींवर दोन्ही बाजूंची साधने सहमत आहेत, त्यांचा एक सांगाडा उभा करून घ्या. फ्रान्सने जानेवारी १६६६ मध्ये डचांच्या बाजूने युद्ध पुकारले होते आणि ड्यूक ऑफ ब्यूफोर्टचे फ्रेंच आरमार पश्चिमेकडून येत आहे अशा बातम्या लंडनला पोहोचल्या. म्हणून इंग्रज आरमार विभागले गेले. प्रिन्स रूपर्ट वीसेक जहाजे घेऊन पश्चिमेकडे गेला आणि उरलेल्या सत्तावन्नच्या आतबाहेर जहाजांनिशी जॉर्ज मंक, म्हणजेच ड्यूक ऑफ ऑल्बमार्ल, डच सरसेनापती डी रॉयटरच्या चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी जहाजांसमोर आला. प्रत्यक्षात ब्यूफोर्ट इंग्लिश चॅनेलच्या जवळपासही नव्हता. पहिल्या दिवशी नैर्ऋत्येचा जोरदार वारा होता. डच ताफा नांगर टाकून होता आणि इंग्रजांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाने येऊन डच सेनानी ट्रॉम्पच्या पथकावर हल्ला केला. तिसऱ्या दिवशी इंग्रज पश्चिमेकडे हटत असताना ‘रॉयल प्रिन्स’ गॅलपर नावाच्या वाळूच्या दांड्यावर रुतले. त्याच संध्याकाळी रूपर्ट परत येऊन मिळाला, चौथ्या दिवशी पुन्हा घनघोर लढाई झाली आणि धुक्यात ती थांबली. एवढ्यावर कोणाचेही दुमत नाही, आणि दोन शत्रू एकाच गोष्टीवर सहमत असतील तर ती गोष्ट बहुधा तशीच घडलेली असते.

आता जहाजांचे आकडे. येथे खोटेपणापेक्षा मोजण्याच्या रीतीतला फरक अधिक आहे. कोणी फक्त रांगेत उभी राहणारी लढाऊ जहाजे मोजतो. कोणी शत्रूवर पेटवून सोडायच्या अग्निनौकाही धरतो, आणि कोणी निरोप्याच्या छोट्या गलबतांसह सगळी शिडे. ‘शिडे’ आणि ‘लढाऊ जहाजे’ हे दोन शब्द कोणत्याही भाषेतल्या कागदात एकच समजू नका. दुसरी अडचण अशी की डचांचे आरमार एक नव्हते. ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅमची मास, उत्तर विभाग, झीलंड आणि फ्रीसलंड अशा पाच ॲडमिरल्टी, म्हणजे आरमाराचा कारभार पाहणारी मंडळे, आपापली जहाजे पाठवत. प्रांताचे किंवा शहराचे नाव जहाजाला देण्याची हौस सर्वांनाच असल्याने एकाच नावाची दोन जहाजे ताफ्यात असणे नेहमीचे होते. म्हणून यादी करताना जहाजाच्या नावापुढे ॲडमिरल्टी, तोफांची संख्या आणि कप्तान हे तिन्ही रकाने ठेवा. तिन्ही जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच जहाजाच्या मानू नका.

नावांच्या गोंधळाचा माझा आवडता नमुना ‘सेव्हन ओक्स’चा आहे. हे मुळात ‘झेव्हनवोल्डन’ नावाचे डच जहाज. फ्रीसलंडमधल्या एका भागाचे ते नाव आहे आणि त्याचा अर्थ साधारण ‘सात वने’ असा होतो. १६६५ मध्ये इंग्रजांनी ते पकडले आणि आपल्या केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स गावाच्या नावाशी जुळवून घेतले. १६६६ मध्ये पहिल्याच दिवशी डचांनी ते परत घेतले. आता एकाच जहाजाची हानी इंग्रजी यादीत एका नावाने आणि तीच प्राप्ती डच यादीत दुसऱ्या नावाने येऊ शकते, आणि बेसावध संशोधक ती दोन जहाजे धरून हिशेब फुगवतो. ‘पकडले’, ‘जाळले’ आणि ‘बुडाले’ हे रकानेही वेगळे ठेवा. निकामी झालेले ‘सेंट पॉल’ इंग्रजांनी स्वतःच जाळले. ही इंग्रजांची हानी खरी, पण ती डचांनी केली असे म्हणायचे की नाही, यावर दोन याद्यांची बेरीज वेगळी होते. अशा सगळ्या गाळणीनंतर इंग्रजांची सुमारे दहा आणि डचांची सुमारे चार जहाजे गेली, या आकड्याजवळ आपण येतो. डचांच्या चारांपैकी ‘हॉफ व्हान झीलंड’ आणि ‘डाउव्हनवोर्डे’ ही दोन पहिल्या दिवशी जळाली.

प्रत्यक्षदर्शी म्हणजे काय, हे तपासण्यासाठी सॅम्युएल पीप्सची ४ जूनची नोंद मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. पीप्स लंडनला आरमाराच्या कचेरीत अधिकारी होता. त्या दिवशी ताफ्यातून आलेली दोन माणसे त्याला भेटायला आली. त्यांतला डॅनियल हा इतका काळवंडलेला होता, की पीप्सला त्याचे तोंड धुराड्यासारखे दिसले. अंगभर डांबर आणि दारूची भुकटी, उजव्या डोळ्यावर जहाजाच्या फटी बुजवायच्या तागाचा बोळा. आदल्या संध्याकाळी पाच वाजता त्याने ताफा सोडला होता आणि ‘रॉयल चार्ल्स’वरच्या वीसेक जखमींबरोबर तो पहाटे हार्विच बंदरात उतरला होता. त्याने सांगितले, की डच सुमारे नव्वद होते आणि आम्ही साठांहून कमी. आम्ही त्यांना पळवत नेले, पण त्यांना सोळा ताज्या दमाची जहाजे येऊन मिळाली, तेव्हा ते उलटले.

यापेक्षा ताजा साक्षीदार मिळणे कठीण. तरीही त्याचे बोलणे विंचरून घ्यावे लागते. ‘साठांहून कमी’ हे आपल्याच ताफ्याविषयीचे विधान आहे. ऑल्बमार्लच्या ध्वजनौकेवरच्या माणसाला ते ठाऊक असणारच, म्हणून ते भक्कम आहे. ‘सुमारे नव्वद’ हा धुरातून घेतलेला अंदाज आहे आणि त्यात लहानमोठी सगळी शिडे असणार. अग्निनौका आणि गलबते वजा केल्यावर तो डच यादीच्या आसपासच येतो, म्हणजे डॅनियल वाढवून सांगत नव्हता. ‘सोळा ताज्या दमाची जहाजे’ मात्र दोन गोष्टींची गाठ आहे. सोळा शिडे त्याने पाहिली असतील, पण ती ‘ताज्या दमाची’, म्हणजे नव्याने आलेली होती, हा त्याचा निष्कर्ष आहे. पहिल्या दिवशी हल्ला ट्रॉम्पच्या पथकावर झाला आणि डी रॉयटरच्या बाकीच्या ताफ्याला नांगराचे दोर तोडून, वाऱ्याशी झगडत लढाईत पोहोचायला वेळ लागला. ज्याच्या डोळ्यांपुढे फक्त ट्रॉम्पची फाटकी शिडे होती, त्याला मागून येणारी अखंड शिडे परकीच वाटणार. माझे मत असे, की डॅनियलने डोळ्यांनी पाहिले ते खरे आणि त्यावरून मनाने जोडले ते चूक.

डॅनियलने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला ताफा सोडला, हेही विसरू नका. चौथ्या दिवसाविषयी त्याचे मौन म्हणजे चौथ्या दिवशी काही घडले नाही, असे नव्हे. हे वाचून हसू येईल, पण ‘अमुक साधनात उल्लेख नाही, म्हणून ते घडले नाही’ असा युक्तिवाद मी छापील पुस्तकांत पाहिला आहे.

तोफांच्या आवाजाची गोष्टही येथेच सांगतो, कारण तिच्यात दोन परस्परविरोधी साक्षी एकाच माणसाच्या आहेत. जॉन ईव्हलिन तेव्हा जखमी आणि कैद्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयुक्तांपैकी एक होता आणि लंडनजवळ डेप्टफर्डला राहत होता. १ जूनला संध्याकाळी सहा वाजता बागेत असताना त्याला तोफांचा भडिमार ऐकू आला, म्हणून तो घोड्यावर बसून रात्रीच रॉचेस्टरला आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकडे निघाला. वाटेत एका फ्रिगेटचा लेफ्टनंट भेटला, आणि किनाऱ्यावरच्या डील गावाच्या बाजूला ना आवाज ना लढाईचे काही चिन्ह, असे कळल्यावर तो परतला. त्याच दुसऱ्या दिवशी ग्रीनिचला मात्र पीप्सला तोफा स्पष्ट ऐकू येत होत्या. लढाईच्या अधिक जवळच्या किनाऱ्यावर शांतता आणि कितीतरी लांब लंडनला गडगडाट! जुन्या वाचकांनी यात कोणाची तरी चूक शोधली. वस्तुतः कोणाचीही चूक नाही. वर गेलेला ध्वनी वातावरणाच्या वरच्या थरांतून वाकून लांबवर पुन्हा जमिनीवर येतो आणि मधला पट्टा कोरडा राहतो, हे भौतिकशास्त्राने नंतर दाखवून दिले. तेव्हा दोन प्रामाणिक साक्षी जुळत नसतील, तर दोघांपैकी एकाला खोटे ठरवण्याआधी आपल्याला निसर्गाविषयी काही ठाऊक नाही का, हेही पाहावे. एक फरक मात्र नोंदवून ठेवा. पीप्स घटना घडताच लघुलिपीत लिहीत असे, तर ईव्हलिनची रोजनिशी पुष्कळशी त्याने जुन्या टिपणांवरून नंतर सजवलेली आहे. म्हणून तासांच्या बाबतीत मी पीप्सला झुकते माप देतो.

आता ‘रॉयल प्रिन्स’कडे वळू, कारण आपल्या प्रश्नातला सर्वांत कठीण भाग हा आहे. नव्वदच्या आसपास तोफा असलेले हे इंग्रज आरमारातले सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एक. १६१० मध्ये बांधलेले आणि नंतर दोनदा जवळजवळ नव्याने उभारलेले. त्यावर इंग्रज ॲडमिरल सर जॉर्ज ॲस्क्यूचे निशाण होते. ते गॅलपरवर रुतले, डच अग्निनौका जवळ येऊ लागल्या, निशाण खाली आले, ट्रॉम्पने शरणागती घेतली आणि नंतर डी रॉयटरच्या हुकमाने जहाज जाळण्यात आले. घटना एवढीच आहे, पण चार प्रकारचे वृत्तान्त तिला चार रंग देतात.

इंग्रजांच्या कथनात वाळूचा दांडा हाच गुन्हेगार आहे. डच शौर्याला फारसे श्रेय नाही आणि निशाण कोणी उतरवले हा प्रश्न अवघडल्यासारखा ओलांडला जातो. डी रॉयटरच्या बाजूचे कथन लष्करी कारण देते: रूपर्टची शिडे पश्चिमेला दिसू लागली होती, लढाई संपलेली नव्हती, आणि एका रुतलेल्या जहाजासाठी ताफा अडकवून ठेवणे परवडणारे नव्हते. ट्रॉम्पच्या बाजूचे सांगणे असे, की एवढे मोठे बक्षीस हातात आले असताना ते उगाच राख केले. आणि गेरार्ड ब्रांट याने लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डी रॉयटरच्या चरित्रात हा सगळा प्रसंग नायकाच्या विवेकाचा दाखला होतो. ब्रांटने कुटुंबाकडची कागदपत्रे वापरली होती, म्हणून ते टाकाऊ नव्हे. पण बखर वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो, ती येथेही हवी.

डच पक्षांतले राजकारण ध्यानात घेतल्याशिवाय हा विरोध सुटत नाही. ट्रॉम्प ऑरेंज घराण्याच्या पक्षाचा होता, तर डी रॉयटरमागे प्रांतिक सभांचे सत्ताधारी होते. लढाईनंतर दोनेक महिन्यांतच, ऑगस्टमध्ये, पुढच्या लढाईतल्या वर्तनावरून ट्रॉम्पला पदावरून दूर केले गेले. त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक डच कागदात ‘रॉयल प्रिन्स’ हे नुसते जहाज राहत नाही, ते ‘ट्रॉम्प बरोबर की डी रॉयटर’ या भांडणातले प्यादे होते. म्हणून मी या प्रसंगाची साधने दोन गठ्ठ्यांत लावतो, ऑगस्ट १६६६ च्या आधीची आणि नंतरची. पहिल्या गठ्ठ्यात जाळण्याचा हुकूम आहे आणि त्यावरची कुरकुर सौम्य आहे. दुसऱ्या गठ्ठ्यात तीच कुरकुर आरोप होते. हुकूम कोणी दिला, यात वाद नाही. जहाज वाचवता आले असते का, हा प्रश्न मात्र साक्षीदारांवर सोडण्यापेक्षा समुद्राला विचारावा. वर सांगितलेल्या ग्रहणावरून अमावास्येची तिथी पक्की मिळते. तेथून मागे मोजले, तर लढाईच्या सुरुवातीला शुक्ल अष्टमी नुकतीच उलटली होती आणि पौर्णिमा लढाई संपल्यावर दोन-तीन दिवसांनी आली. म्हणजे उधाणाची भरती अजून व्हायची होती, पण भरती दिवसागणिक चढत होती. रुतलेले जहाज त्याच दिवशी सुटेल याची हमी नव्हती, मात्र एक-दोन दिवस थांबण्याची सवड असती तर आशा होती. ती सवड रूपर्टच्या शिडांनी संपवली. यावरून डी रॉयटरचे कारण मला पुरेसे वाटते आणि ट्रॉम्पचा सल समजण्यासारखा वाटतो. दोन्हींना एकाच परिच्छेदात जागा देता येते. त्यासाठी कोणाला खोटे ठरवावे लागत नाही.

चित्रांचा उपयोग आपण विचारला नव्हता, पण करावा. थोरला विलेम व्हान द वेल्दे हा चित्रकार या लढाईत डच ताफ्याबरोबर एका लहान गलबतावर होता आणि प्रसंग डोळ्यांपुढे घडत असताना रेखाटत होता. त्याची रेखाटने रॉटरडॅम आणि ग्रीनिच येथील संग्रहालयांत आहेत. वाऱ्याची दिशा, कोणत्या जहाजाचे कोणते डोलकाठीचे टोक तुटले, कोण कोणाच्या मागे होते, अशा गोष्टी पत्र लिहिणारे कप्तान विसरतात आणि तो विसरत नाही. मात्र रेखाटन आणि त्यावरून नंतर केलेले तैलचित्र यांत फरक करा. त्याच्या मुलाने रंगवलेले पकडलेल्या इंग्रज जहाजांचे सुरेख चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात ‘स्विफ्टशुअर’, ‘सेव्हन ओक्स’, ‘लॉयल जॉर्ज’ आणि ‘कन्व्हर्टीन’ एकत्र दिसतात. जहाजांच्या बांधणीसाठी ते चित्र उत्तम आहे. पण ‘कन्व्हर्टीन’ शेवटच्या दिवशी पकडले गेले आणि इतर तीन पहिल्याच दिवशी, हे चित्रावरून कळणार नाही.

इंग्रजांच्या बाजूने सर्वांत वाचली जाणारी साधने म्हणजे ऑल्बमार्ल आणि रूपर्ट यांची निवेदने. ती त्यांनी ऑक्टोबर १६६७ मध्ये पार्लमेंटपुढे मांडली. मध्यंतरी डचांनी मेडवे नदीत घुसून ‘रॉयल चार्ल्स’ पळवून नेले होते आणि युद्धातल्या चुकांची चौकशी चालू होती. म्हणजे ही निवेदने लढाईचा वृत्तान्त नव्हेत. सोळा महिन्यांनी दिलेला तो आरोपीचा जबाब आहे, आणि जबाब म्हणूनच तो वाचावा. त्यातल्या तारखा आणि हुकूम पोहोचण्याच्या वेळा मूळ पत्रांशी ताडून घ्याव्यात. ताफा विभागण्याला ऑल्बमार्लची आधी संमती होती, ही गोष्ट जबाबात बारीक होते आणि बातमीदारांची चूक मोठी होते. याउलट लढाईनंतर लगेच आरमाराच्या कारभारातल्या विल्यम कव्हेंट्रीला लिहिलेल्या खासगी पत्रात ऑल्बमार्लने, मर्दासारखे वागलेले कप्तान वीसपेक्षा जास्त नव्हते, अशा अर्थाचा संताप व्यक्त केला आहे. त्याच सुमारास सरकारच्या हुकमाने छापलेला वृत्तान्त विजयाचा होता. सेनापती खासगीत कप्तानांना शिव्या देतो आणि सरकार चव्हाट्यावर फटाके उडवते, तेव्हा खासगी कागदाला अधिक वजन द्यावे. तरी ‘वीस’ हा आकडा मोजणी म्हणून घेऊ नये. तो रागाचा आकडा आहे.

पुराभिलेखांतल्या एका असमतोलाचीही जाणीव ठेवा. १८४४ मध्ये द हेग येथे नौदल मंत्रालयाला लागलेल्या आगीत डच ॲडमिरल्टींची पुष्कळ दप्तरे जळाली. इंग्रजांची वेतनपुस्तके मात्र लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात मोठ्या प्रमाणात टिकून आहेत आणि कोणत्या जहाजावरचा कोणता खलाशी कधी मेला, हे त्यांत पगार तोडण्याच्या निमित्ताने नोंदलेले असते. पगार वाटणारा कारकून देशभक्तीसाठी मृतांचा आकडा कमी करत नाही. त्याला फक्त पैसे वाचवायचे असतात. डचांच्या बाजूने असेच साधन म्हणजे बंदरांतल्या कैद्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च. त्यामुळे इंग्रज हानी तुलनेने बारकाईने सांगता येते आणि डच हानी ठोकळ, आणि हा फरक आपल्या तक्त्यात तसाच दिसू द्यावा. दोन्ही रकाने सारख्याच नेटक्या आकड्यांनी भरण्याचा मोह टाळा.

फ्रेंच सरदार कॉम्त द गीश हा डच ताफ्यात स्वेच्छेने आला होता. पहिल्याच दिवशी त्याचे ‘डाउव्हनवोर्डे’ जळाले आणि तो मोनॅकोच्या राजपुत्राबरोबर कसाबसा दुसऱ्या जहाजावर पोहोचला. त्याच्या आठवणी वाचनीय आहेत आणि तो इंग्रज-डच अभिमानापासून मोकळा आहे. पण तो जमिनीवर लढणारा माणूस आहे. माणसे कशी वागली, हे त्याच्याकडून घ्या. वाऱ्याचे डावपेच घेऊ नका.

शेवटी विजयाचा प्रश्न. लंडनला ६ जूनला विजयाची बातमी आली, रस्त्यांवर शेकोट्या पेटल्या, आणि ७ जूनला पीप्सला दरबारातून आलेल्या माणसांनी नेमके उलटे सांगितले: आपण हरलो, जहाजे आणि चांगले सेनानी गमावले, शत्रूचे एकही जहाज घेतले नाही, आणि मैदान आपल्या ताब्यात राहिले की नाही, हेही पक्के नाही. एका दिवसाच्या अंतराने एकाच रोजनिशीत दोन निकाल आहेत, आणि दोन्ही नोंदी अस्सल आहेत. चौथ्या दिवशी कोण पळाले, याविषयी छापील इंग्रजी वृत्तान्त डचांकडे बोट दाखवतो आणि डच वृत्तान्त इंग्रजांकडे. येथे मी ‘पळाले’ हे क्रियापद काढून टाकतो आणि दोन्ही ताफे कोणत्या दिशेला गेले, एवढेच विचारतो. दोन्ही बाजूंचा दारूगोळा संपत आला होता. इंग्रज थेम्सच्या मुखाकडे गेले, डच झीलंडच्या किनाऱ्याकडे, आणि मध्ये धुके पडले. धुक्याच्या अलीकडे उभे राहून पाहणाऱ्या प्रत्येकाला समोरचा दूर जाताना दिसला. म्हणून ‘ते गेले’ हे दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि ‘ते हरून गेले’ हे दोघांचेही अनुमान आहे. जहाजांच्या हिशेबात डचांनी ही लढाई निःसंशय जिंकली. ॲस्क्यू लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यात कैदी होता, इंग्रज सेनानींपैकी बर्कली मेला होता आणि मिंग्ज जखमांनी मरणार होता. डचांनीही कॉर्नेलिस एव्हर्टसन आणि व्हान डर हुल्स्ट हे सेनानी गमावले होते. पण इंग्रज आरमार मोडले, असा याचा अर्थ आपल्या प्रबंधात काढू नका. ते सातच आठवड्यांनी, जुन्या पद्धतीने २५ जुलैला, पुन्हा समुद्रात होते आणि त्या दिवशीची लढाई त्यांनी जिंकली. ती तारीख डच कागदांत आपल्याला ४ ऑगस्ट म्हणून सापडेल.